जुन्या सुपरचार्जर गाडीचा एक्झॉस्ट: आधी मोजा, मग पाइप विकत घ्या

इथे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे वीस वर्षांच्या गाडीचं पोट लोणच्यासारखं मुरलेलं असतं, आणि सगळ्यात आधी जातो तो एक्झॉस्ट. माझी गाडी पाँटियाक ग्रँड प्री जीटीपी, १९९७ ते २००३ मधली पिढी. ३.८ लिटरचं आडवं बसवलेलं व्ही-६ इंजिन, वर ईटनचा एम-९० सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), कागदावर २४० हॉर्सपॉवर. त्याच काळातल्या ब्यूक रीगल जीएसलाही हेच इंजिन आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू.

गाडी मरगळली की लोक पहिला सल्ला देतात, "मागचा सायलेन्सर मोठा टाक." मीही टाकला होता. आवाज दणकेबाज आला, गाडी तशीच रेंगाळत राहिली.

आवाज कुठला ते आधी ठरवा

सकाळी थंड इंजिन चालू करा. पहिल्या मिनिटात टकटक ऐकू आली आणि इंजिन तापल्यावर ती मंदावली, तर मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांना) चीर आहे किंवा सांध्यातली चकती, म्हणजे गॅस्केट, फुंकतंय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते. खडखड मात्र फक्त आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, सुपरचार्जरच्या नाकाजवळून येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरला जरा पाय लावताच थांबत असेल, तर त्याच्या आतला कपलर, म्हणजे फिरता दांडा रोटरला जोडणारा तुकडा, झिजलाय. त्याचा एक्झॉस्टशी काही संबंध नाही.

गळती नेमकी कुठे, हे शोधायला थंड गाडीच्या मागच्या पाइपात व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंधीने घट्ट बसवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे फेस येईल तिथे भोक. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला कळवणाऱ्या) आधी गळती असेल तर ती केवळ आवाजापुरती राहत नाही. धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल ओतत बसतो.

काट्यावर विश्वास ठेवू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मूळ पुलीवर (सुपरचार्जर फिरवणारं चाक; ते लहान केलं की बूस्ट वाढतो) साधारण ८ पीएसआय दाखवणारा बूस्टचा, म्हणजे आत कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा एका उन्हाळ्यात १० वर जायला लागला. काहीही न करता दोन पीएसआय फुकट! मी इतका खूश होतो की पेढे वाटायचेच बाकी होते. गाडी मात्र हायवेवर ट्रकमागे धापा टाकत होती.

या सुपरचार्जरचं गणित साधं आहे. पट्ट्यावर फिरणारा रोटर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलतो. ती हवा इंजिनातून बाहेर पडली नाही की इनटेकमध्ये साचते आणि काटा चढतो. म्हणजे काटा ताकद दाखवत नाही, तुंबारा दाखवतो. एक्झॉस्ट मोकळा केल्यावर बूस्ट थोडा उतरतो आणि गाडी जास्त पळते. "पुली न बदलता बूस्ट वाढला" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याला आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा जाळीचा डबा, तपासायला सांगा.

तपासणी दहा मिनिटांची आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढा, त्याच्या १८ मिलिमीटरच्या आट्यांत अडॅप्टर लावून प्रेशर गेज बसवा. आयडलला सव्वा-दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर एक्झॉस्ट ठीक आहे, पैसे खिशात ठेवा. माझ्या गेजने २५०० ला पाच दाखवले. कन्व्हर्टर काढून उलटा केला तर आतली जाळी वितळून गोळा झालेली. कारण? मागच्या बाजूचे स्पार्क प्लग हात पोचत नाही म्हणून मी कित्येक वर्षं बदलले नव्हते. मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होतं. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकलात तर तोही तसाच जळेल.

आणि "इंजिनाला थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) लागतंच" हे जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते विसरा. लागत नाही.

खरी लढाई: गंजलेले स्टड (मॅनिफोल्डमधले आट्यांचे खिळे)

गाडी चार स्टँडवर, बॅटरी सुटी, इंजिन थंड. मॅनिफोल्डपासून खाली उतरणारा डाउनपाइप मागच्या मॅनिफोल्डला जिथे जोडतो ती जागा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, कुशीत आहे. इंजिनाच्या वर, पुढच्या बाजूला जे दोन हाडासारखे दांडे असतात ते सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावा, आणि रॅचेटच्या पट्ट्याने इंजिन हळूहळू पुढे झुकवा. तळहाताएवढी जागा होते. ती खूप आहे. मागचे प्लगही याच वेळी बदलून टाका.

आता नट. पहिल्या खेपेला मी लांब पाइप लावून पान्यावर लटकलो. टक्‌ असा बारीकसा आवाज झाला आणि स्टड मॅनिफोल्डच्या तोंडाशीच मोडला. त्या एका टक्‌ने माझा शनिवार, रविवार आणि पुढच्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. म्हणून जोर लावू नका. आदल्या रात्री आणि सकाळी गंजावर मुरणारं तेल सोडा. कामाला लागताना नट आधी किंचित आवळा. गंजाचा थर तिथेच फुटतो. मग पाव फेरा सोडा, पुन्हा जरा आवळा, पुन्हा सोडा. करकर करत का होईना, पण हलत राहिला पाहिजे. हाताला तो रबरासारखा लवचीक लागला की थांबा. स्टड पिळला जातोय, पुढचा आवाज त्या टक्‌चाच.

मग टॉर्च. त्याआधी तेल पुसून घ्या, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, वायरी ओल्या फडक्याने आणि पत्र्याने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. नट मंद लाल होईपर्यंत तापवा, स्टड नव्हे. लाली गेल्यावर साधी मेणबत्ती आट्यांना टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. बहुतेक नट इथेच शरण येतात. लाल लोखंडावर पाणी मात्र मारू नका, बिडाचा मॅनिफोल्ड तडकतो. आणि जी जागा तापवायची तिथे ब्रेक क्लीनर फवारू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतं, ते तापलं की विषारी वायू होतो.

तरीही मोडलाच तर ड्रिल घेऊन धावू नका. बिडात ड्रिल हमखास तिरकं जातं. उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा, गार होऊ द्या, मग फिरवा. वेल्डिंग येत नसेल तर इथपर्यंत येऊन थांबण्यात काही कमीपणा नाही.

काय बदलावं

आधी गळती. मग तीन इंची डाउनपाइप आणि मोकळा वाहणारा, पण असली कन्व्हर्टर. कन्व्हर्टरच काढून टाकायला अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी होत नाही म्हणून ती उठत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर तिथे मान्य असलेलाच घ्या. त्यानंतर गाडीच्या पोटाखाली पाइपाला असलेला यू आकाराचा वळसा सरळ करून घ्या. हेडर्स (मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या मोकळ्या नळ्या) नंतर, छोटी पुली त्याहून नंतर. मागचा सायलेन्सर सगळ्यात शेवटी, कारण तो फक्त शेजाऱ्यांसाठी असतो.

जोडताना

गॅस्केट नवीन. स्टडवर अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू नयेत म्हणून लावायचं मलम. सेन्सरच्याही आट्यांवर, टोकाला नाही. सगळे नट हाताने बसवून मगच आवळा.

नवा पाइप सबफ्रेमला किंवा बॉडीला कुठे चिकटत नाही ना, हे मात्र बोट घालून पाहा. माझा एके ठिकाणी जेमतेम टेकत होता. जोरात पळवलं की तो ठोके द्यायचा, नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचे ठोके ऐकणारा) ते इंजिनातले समजायचा, आणि कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे खेचायचा. स्कॅनरवर नॉक रिटार्ड, म्हणजे हे मागे खेचणं, दिसतंय म्हणून मी दोन टाक्या महागडं पेट्रोल भरलं. शेवटी हँगरची सळई वाकवून पाइप अर्धा इंच खाली घेतला, आणि आकडा शून्यावर आला.