प्रेअरीतला जून-जुलै : आधी मोजा, मग फवारा

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या सपाट गवताळ प्रांतांत शेतीच्या कामात असलेल्या मराठी मंडळींसाठी हा सल्ला. पेरण्या उरकल्या आहेत. हजार-दोन हजार एकरांचं शेत पायी तुडवणं होत नाही आणि फवारणी यंत्र तयार उभं असतं. त्यामुळे ‘एक फवारा मारून टाकू’ असं वाटतं. तसं करू नका, कारण त्या फवाऱ्यात मित्रकीटकही जातात.

कॅनोला (तेलासाठी घेतलं जाणारं मोहरीवर्गीय पीक) बीजपत्रांवर, म्हणजे पहिल्या दोन पानांवर आला की उडद्या भुंगेरे (पानं खाणारे बारीक, उड्या मारणारे किडे) तुटून पडतात. बीजप्रक्रियेचं, म्हणजे बियाण्याला लावलेल्या कीटकनाशकाचं संरक्षण पेरणीपासून तीन-चार आठवडेच टिकतं. थंडीनं उगवण लांबली तर त्यातले बरेच दिवस मातीतच खर्ची पडतात. रोप चार पानांचं होईपर्यंत लक्ष ठेवा. पानांचा २५ टक्के भाग खाल्लेला असेल आणि भुंगेरे अजून खात असतील, तरच फवारा. इथे नजर हमखास फसते. पानावर भोकं दिसली की नुकसान आहे त्यापेक्षा जास्त वाटतं, म्हणून वेगवेगळ्या जागची रोपं उपटून हातात घेऊन बघा. गार वारा सुटला की भुंगेरे पानाखाली आणि खोडावर उतरतात. खोड कुरतडलेलं दिसलं तर २५ टक्क्यांची वाट बघू नका. भुंगेरे हिवाळा बांधावरच्या, झाडांखालच्या पालापाचोळ्यात काढतात आणि आधी कडेनं शिरतात. वेळीच पाहिलं तर पुष्कळदा कडेचा पट्टा फवारून भागतं.

तणांमध्ये खरी काळजी कोशा (kochia) या तणाची. ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारा कोशा २०११ मध्ये दक्षिण अल्बर्टात सापडला आणि नंतर तिन्ही प्रांतांत पसरला. वाळल्यावर तो बुडाशी मोडतो आणि वाऱ्यावर गडगडत मैलभर बी सांडत जातो. मसूर ठेंगणा आणि जमीन उशिरा झाकणारा, त्यामुळे पीक उगवल्यावर असा कोशा आवरणं फार अवघड. त्याला पेरणीआधीच गाठायला हवं. यंदा निसटलेली झाडं बी धरण्याआधी उपटा किंवा कापा. त्याचं बी जमिनीत साधारण वर्ष-दोन वर्षंच जगतं, म्हणून ही मेहनत वाया जात नाही. खारवट तुकड्यांत दरवर्षी पीक घेण्याचा हट्ट सोडा आणि तिथे क्षार सोसणारं बहुवर्षीय गवत लावा.

वाटाणा किंवा मसूर खोलगट भागात पिवळा पडला असेल तर फावड्यानं रोप काढून मुळं धुवा. मुळं मधाच्या रंगाची झाली असतील आणि ओढल्यावर साल निघून आतला दोरा हातात येत असेल, तर ॲफॅनोमायसेस मूळकुजीचा (जमिनीतून येणाऱ्या मुळं कुजवणाऱ्या रोगाचा) दाट संशय घ्या. उभ्या पिकात यावर औषध नाही. त्या शेतात सहा ते आठ वर्षं वाटाणा-मसूर नको. कडधान्य हवंच असेल तर हरभरा बघा.

जुलैत गव्हाची मिज माशी येते. नारिंगी रंगाची, डासाहून लहान. दिवसा ती पिकाच्या बुडाशी दडते, म्हणून दुपारी फेरी मारून ‘काही नाही’ म्हणू नका. संध्याकाळी साडेआठनंतर, वारा पडलेला आणि तापमान १५ अंशांच्या वर असताना जा आणि ओंब्यांवर मोजा. ओंबी बाहेर पडल्यापासून फुलोऱ्यापर्यंत, सलग काही संध्याकाळी, शेतात तीन-चार ठिकाणी. चार-पाच ओंब्यांमागे एक माशी असेल तर उत्पन्न घटतं. प्रत सांभाळायची असेल तर आठ-दहा ओंब्यांमागे एक हीच मर्यादा धरा. फुलोरा सरल्यावर मात्र फवारू नका. तोवर अळ्या तुसाच्या आत असतात, मरतो तो त्यांच्यावर जगणारा परोपजीवी कीटक. मिज-सहनशील वाण पेरला असेल तर ही धावपळच वाचते.

कॅनोलातल्या स्क्लेरोटिनिया खोडकुजीचं (बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचं) उलट आहे. लक्षणं दिसली म्हणजे वेळ गेली. मुख्य खोडावर चौदा-सोळा फुलं उमलली की साधारण २० टक्के फुलोरा झाला. तिथपासून ५० टक्क्यांपर्यंतच फवारणीचा उपयोग. दाट पीक आणि ओलसर हवा असेल तरच खर्च करा, आणि मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा.

मसूर फुलावर-शेंगेवर असताना चौरस मीटरला दोन नाकतोडेही फवारणीला पुरे होतात. गव्हात तोच आकडा आठ-बारा असतो. काढणीआधी मसुरावर ग्लायफोसेट मारणार असाल तर दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांखाली आल्याशिवाय मारू नका. शेताचा सर्वांत हिरवा कोपरा बघून ठरवा. आधी मारलं तर त्या तणनाशकाचा अंश दाण्यात उतरतो, आणि इथला मसूर भारतातल्या स्वयंपाकघरांतही जातो.