मोटरहोमचा फ्रिज थंड होत नव्हता: माझा अनुभव

कोल्हापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून क्रोएशियात भाड्याची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेतली. समुद्राकाठच्या कॅम्पवर गाडी लावली आणि फ्रिज थंड होईना. हा फ्रिज गॅसवरही चालतो आणि विजेवरही; गॅसची ज्योत पेटत होती, विजेचा दिवाही लागत होता. थर्मोस्टॅट वाढवला, सिलिंडर बदलला, वायर बदलली, फरक नाही. तांबड्या रश्श्यासाठी आणलेलं मटण टाकावं लागलं, फार जिवावर आलं.

या फ्रिजला घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं, थंड होतं आणि उतारानं आपोआप परत वाहतं. उभी गाडी कललेली असेल तर ते वाहणं थांबतं. आमची जागा समुद्राकडे उतरती होती.

आधी फ्रिज बंद करा. आतल्या तळावर स्पिरिट लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) आडवी आणि उभी, दोन्ही ठेवून पाहा. खालच्या बाजूच्या चाकांना रॅम्प लावून गाडी हळू चढवा. एकानं बाहेर उभं राहून सांगायचं. हँडब्रेक ओढा, लेव्हल पुन्हा तपासा. गाडीच्या बाहेरून दिसणाऱ्या, फ्रिजच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या आहेत ना, बघा. मग कॅम्पच्या 230 व्होल्ट विजेवर फ्रिज चालू करून रात्रभर दार उघडू नका. सकाळी पाणी गार होतं.

गाडी चालवताना गॅस बंद ठेवून फ्रिज गाडीच्या 12 व्होल्ट विजेवर टाका. 12 व्होल्टवर फ्रिज आधीचा थंडावा फक्त टिकवतो, म्हणून निघण्याआधी फ्रिज गार करून घ्या.