कर्करोगाच्या वेदनेसाठी घरी मॉर्फिन : फॅमिली डॉक्टरांनी काय सांभाळायचे

मोठ्या रुग्णालयात मॉर्फिन सुरू होते, रुग्ण गावी परततो आणि पुढचे सगळे फॅमिली डॉक्टरांवर येते. पहिली चूक वेळेची होते. साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास. ‘दुखलं की घ्या’ म्हणून दिली, तर दुखणे दिवसभर डोके वर काढत राहते. घड्याळ लावून द्या : सकाळी ६, १०, दुपारी २, सायंकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. नव्या रुग्णाला ५ मिलिग्रॅमपासून, थकलेल्या वृद्धाला २.५ पासून सुरुवात करा.

मधेच दुखले तर एक जादा डोस, आणि तो वहीत लिहायला घरच्यांना सांगा. वाढीचा हिशेब त्या वहीतूनच निघतो. समजा, दिवसाचे १० मिलिग्रॅमचे सहा डोस (रात्रीचा दुप्पट धरून) म्हणजे ६०, जादाचे तीन म्हणजे ३०. एकूण ९०, भागिले ६, म्हणजे नवा डोस १५ चा. जादा डोसही आता १५ चा.

मळमळ सहसा आठवड्यात ओसरते. तोवर मेटोक्लोप्रमाइड पुरते. बद्धकोष्ठ मात्र शेवटपर्यंत सोबत राहतो, म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री बिसाकोडिल हे रेचक १० मिलिग्रॅम लिहा. इसबगोलवर विसंबू नका. पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात त्याचाच गोळा होतो. औषध ‘सोसत नाही’ म्हणून सोडणाऱ्या कित्येकांचे खरे दुखणे बद्धकोष्ठच असते.

क्रिएटिनिन वाढलेले असेल, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत असेल, तर मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात : गुंगी, भ्रम, हातापायांना झटके. डोस कमी करा, दोन डोसांतले अंतर वाढवा. झोपेच्या गोळ्या आणि दारू सोबत नकोच. श्वास मिनिटाला ८ हून कमी आणि रुग्ण हाकेला ओ देत नसेल, तर मॉर्फिनवरचा उतारा नॅलॉक्सोन ०.४ मिलिग्रॅम १० मिली सलाइनमध्ये मिसळून दर दोन मिनिटांनी १ मिली शिरेतून द्या. श्वास सुधारला की थांबा. सगळे एकदम दिले तर वेदना उसळून येते. नॅलॉक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, म्हणून काही तास लक्ष ठेवा.

कंबर-गुडघ्याच्या जुन्या दुखण्याला मॉर्फिन सुरू करू नये. तिथे व्यायाम आणि इतर उपचारच कामाचे.

२०१४ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक कायदा) दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवायला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. जवळची अशी संस्था आधीच शोधून ठेवा आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी घरच्यांना तिकडे पाठवा. औषध अचानक तुटले तर घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. घरात गोळ्या कुलपात असाव्यात. उरलेल्या त्याच संस्थेत परत जमा कराव्यात.