पाण्यात जाताना पाणी न्या

पाणी घ्या. पावसाळ्यात कुत्री रानात न्यायची ही यादी खरं तर इथेच संपवली असती, पण मग तुम्हीही माझ्यासारखेच हसाल आणि तसेच निघाल.

गेल्या श्रावणात सहा कुत्री ओम्नीत भरून निघालो, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "पाणी घेतलंस का रे?" नाशिकचं गंगापूर धरण भरत आलेलं, गंगावऱ्ह्याकडची गवताळ रानं अर्धी पाण्याखाली, वर आभाळ गळतंय. मी म्हटलं, "अगं, पाण्यातच चाललोय." पाच लिटरचा कॅन रात्रीच भरून ओट्याखाली ठेवला होता. तो तिथेच राहिला. त्या दिवशी कुत्री वाटेवरच्या खड्ड्यातलं, बांधाच्या चारीतलं, म्हशींच्या खुरांनी झालेल्या डबक्यातलं, मिळेल ते प्यायली. दोघांना दुसऱ्या दिवशी जुलाब लागले, ते निभावलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा ब्राउनी मात्र नवव्या दिवशी खायचा थांबला. डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा आजार. आठवडाभर सलाईन, आणि वाचला एकदाचा. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर ही यादी पावसाळ्यात रोज सकाळी पाच-सहा कुत्र्यांना रानात पळवायला नेणाऱ्यांसाठी. कॉलनीत एक कुत्रं फिरवणाऱ्याला यातलं निम्मं लागणार नाही. पाणी लागेल.

पहिलं काम मे महिन्यातलं, लसीचं. रेबीजची सगळे देतात. लेप्टोचं विचारलं की मालक ठोकून देतात, "सगळी इंजेक्शनं झालीत." ऐकून घेऊ नका. कार्ड मागा, तारीख स्वतः वाचा. पहिल्यांदा देताना लेप्टोचे दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि पुढे दरवर्षी एक. बाकीच्या काही लसी तीन-तीन वर्षं टिकतात, ही टिकत नाही. ब्राउनीची तारीख चार महिन्यांपूर्वी उलटून गेली होती आणि मी कार्ड मागितलंच नव्हतं. आणि लस दिली म्हणून निर्धास्तही होऊ नका, लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर ती चालत नाही. हे जंतू उंदीर-घुशींच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात, साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, आणि तोंडातून, डोळ्यांतून, पायावरच्या ओरखड्यातून आत शिरतात. वाहत्या पाण्यापेक्षा साचलेलं वाईट. कुत्रं मात्र नेमकं साचलेलंच पितं, त्याला वास असतो ना. म्हणून घरचं पाणी. माणसालाही हाच आजार होतो, तेव्हा तुमच्या पायात गमबूट हवेत. चपला घालून येणारा भिडू मला चालत नाही.

गोचिडांचं औषध, जंताचं औषध. झालं.

मग माणसं. एका माणसामागे तीन कुत्री, त्यापुढे नाही. मी एकटा सहा नेत होतो, तोही शहाणपणाच. माजावर आलेली मादी घरी. ज्या दोघांचं पटत नाही त्यांना एका गाडीत कोंबू नका, "रानात गेल्यावर जमेल" हे कधीही खरं ठरलेलं नाही.

गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस घ्या. बाभळीच्या फांदीत दोरी अडकली तर गळ्याला फास बसत नाही, आणि ओढ्यातून कुत्रं वर खेचायला पाठीवर धरायला मिळतं. ओढलं की लांबणारी आणि बटण दाबलं की थांबणारी ती दोरीची डबी आणू नका. ओली झाली की अडकते आणि तिची बारीक दोरी हात कापते. दोरी मनगटाला गुंडाळू नका, नुसती मुठीत धरा. पाण्यात सोडायचं असेल तर आधी दोरी काढा. शिट्टी, फर्स्ट एडचा डबा, जुने टॉवेल कुत्र्यामागे एक. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. हे सगळं तुम्हालाही सुचलं असतं.

पाणी सुचलं नसतं. पैज लावतो. चहूकडे पाणी दिसत असताना पाण्याचा कॅन उचलायला हात धजत नाही, वेड्यासारखं वाटतं. सहा कुत्र्यांना दीड तासाला मला पाच लिटर पुरतं. ऊन पडलं तर सात. शिवाय पाय आणि डोळे धुवायला वेगळा कॅन, तोही घरचाच, कारण ओरखडा धुवायला डबक्यातलं पाणी वापरलं तर मग धुतलं कशाला? स्टीलची दोन पसरट भांडी ठेवा. गाडीतून उतरवायच्या आधी सगळ्यांना पाजा, तहान असो नसो. रानात दर वीस मिनिटांनी थांबा आणि पुन्हा पाजा. तहान लागायची वाट पाहिली की डबकं जिंकतं. एखादं नखरेल असतं, साध्या पाण्याला तोंड लावत नाही. त्याच्या भांड्यात दोन चमचे ताक घाला, बिनमिठाचं. आमचा शेरू तसाच आहे, दोन घराण्यांचा मिळून एक कारवानी जातीचा कुत्रा, आणि नखरे दोन्ही घराण्यांचे.

डबक्यात फक्त जंतू असतात असंही नाही. गिरणाऱ्याकडे टोमॅटो, पुढे द्राक्षबागा. फवारणी संपली की पंप कुठे धुतात? जवळच्या पाण्यात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर पडलेल्या असतात आणि पाऊस त्या चारीत नेऊन टाकतो. वर निळसर झाक दिसली तर ते मोरचूद असू शकतं, पण बहुतेक औषधांचा रंग दिसतच नाही. तेव्हा बघून ठरवायच्या भानगडीत पडू नका. घरचं पाणी.

खाण्याबद्दलही एक, आपल्या जिल्ह्यापुरतं. पावसाळ्यात साठवणीच्या चाळीतला कांदा सडतो आणि रस्त्याच्या कडेला ढिगाने फेकला जातो. कुत्र्याला कांदा विषारी असतो, कच्चा, शिजलेला, सडका, कसाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लक्षणं लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतात: मरगळ, फिक्या हिरड्या, चहाच्या रंगाची लघवी. तोवर आपण ढीग विसरलेलो असतो. लॅब्रेडॉर असेल तर ढिगाजवळ दोरी आखूड. द्राक्षं आणि बेदाणे तर मूत्रपिंडावरच घाला घालतात, पण ती पावसाळ्यात नसतात, तो त्रास हिवाळ्यानंतरचा.

आदल्या रात्री पावसाचा आणि धरणाचा अंदाज घ्या. इथे लोक गल्लत करतात. सोमेश्वर, आनंदवल्लीच्या काठाने जाणार असाल तर ते धरणाच्या खाली आहे. तिथे पाऊस नसला तरी पाणी चढतं, कारण विसर्ग वाढवलेला असतो. नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. गोदाघाटावर उभं राहून बघायला ते ठीक, पण नदीकाठच्या झाडीत मारुती दिसत नाही. क्यूसेकचा आकडा बघा, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडतायत तो, आणि तो वाढवणार असल्याची बातमी असेल तर त्या दिवशी काठ बंद. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेने काय केलं हे पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. धरणाच्या वर, गंगावऱ्हे-सावरगावकडे जाणार असाल तर त्र्यंबकला किती कोसळलं ते विचारा. तिथे पाणी धडकत नाही, गुपचूप सरकतं. जाताना कोरडी असलेली वाट येताना नसते. आणि धरणाच्या पाण्यात कुत्री पोहायला सोडू नका, ते पाणी आपणच पितो. काठची बुडालेली रानं पुष्कळ आहेत.

नांदूरमधमेश्वरला नेऊ का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. नाही. अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा, २०२० साली जाहीर झालेली. पक्ष्यांच्या घरात सहा कुत्री सोडायची नसतात.

दुसरा प्रश्न कोकणातला. मावसभाऊ दापोलीकडे असतो, तो खाडीच्या खाजणातून कुत्री पळवतो. तिथलं गणित वेगळं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे कालच्या वेळेला आज गेलात तर चुकलात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाजण भरून येतं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. खडकांवरच्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, पंजा फाटतो. आणि खारं पाणी प्यायलं की कुत्रं आधी ओकतं, मग हगवण, आणि फारच गेलं पोटात तर मीठ मेंदूला चढून झटके येतात. म्हणजे तिथेही काय न्यायचं? बरोबर.

सकाळी उजाडल्याशिवाय निघू नका. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात ते शोभेसाठी नव्हे. निघायच्या आधी दोन तास पोटभर खायला घालू नका, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पळताना फुगून पीळ पडू शकतो आणि तो काही तासांत जीव घेतो. आल्यावरही तासभर थांबूनच घाला. मग कॅन. गाडीची किल्ली मी आता रात्रीच कॅनच्या कडीत अडकवतो. कॅन उचलल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. मोबाईलवर गजर लावून पाहिला होता, तो बंद करून मी निघालो होतो.

रानात पोचल्यावर पहिली नजर तारांवर. पाणी उपसायच्या मोटारी, स्टार्टरच्या पेट्या, जमिनीवरून गेलेल्या केबली, पावसाळ्यात हे सगळं पाण्यात जातं. पुढचं कुत्रं अचानक केकाटलं किंवा ताठ झालं तर त्याच्यामागे पाण्यात उडी घेऊ नका. कितीही जीव तुटला तरी नाही. बाकीच्यांना मागे ओढा, मोटारवाल्याला हाक मारा, वायरमनला फोन करा, वीज बंद झाल्याचं कळल्यावरच पाण्यात पाय.

वाहतं पाणी कुत्र्याच्या छातीला लागत असेल तर मागे फिरा. पलीकडे काही नसतं, मी जाऊन आलोय.

पाणी चढलं की साप बांधावर येतात. घोणस, नाग. चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत. कोणत्या डॉक्टरकडे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवायचं, त्या वेळी फोन फिरवत बसायचं नाही. हे खरं तर वर मे महिन्यातल्या कामांत यायला हवं होतं, तिथे वाचलंय असं समजा.

डोकी मोजा. सहा. पाणी पाजलं की मोजा, वळण आलं की मोजा.

परत गाडीपाशी: पाजा, पंजे धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर शेतकऱ्यांसारख्या चिखल्या होतात. लोंबत्या कानांचे कान पुसा. काखेत, कानामागे गोचीड बघा. मोजा.

घरी: टॉवेल गरम पाण्यात, गमबूट उलटे, कुणी प्यायलंच डबक्यातलं तर कॅलेंडरवर तारीख लिहा आणि पुढचे पंधरा दिवस त्याचं खाणं, लघवीचा रंग आणि डोळे बघत राहा. मालकाला सांगा. लपवू नका, मी दोन दिवस लपवलं होतं. ताप, उलटी, पिवळेपणा, काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि "डबक्यातलं पाणी प्यायलंय" हे वाक्य सगळ्यात आधी.

ब्राउनी आता पुन्हा येतो. काकू त्याला दारापर्यंत सोडतात आणि माझ्या हातातल्या कॅनकडे बघतात. कॅनकडेच, माझ्याकडे नाही. भरलेला दिसला की दोरी हातात देतात.