नाताळच्या चेरीवाल्या बटर कुकीज : या चुका टाळा

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटलेल्या कुकीज, मधोमध काळवंडलेली चेरी आणि खाली एकच प्रश्न, "ताई, काय चुकलं?" म्हापशात घरच्या ओव्हनवर मी चौदा वर्षं नाताळच्या कुकीज करते आहे, शेजारपाजारच्या मुलींना शिकवतेही. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. एकतर बटर वितळलेलं होतं, नाहीतर फळ ओलं होतं. बाकीच्या चुका निभावून नेता येतात, या दोन नाही.

आधी प्रमाण सांगते, कारण ते बदलण्याची हौस फार जणांना असते. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. बेकिंग पावडरने कुकी फुगते, वर भेगा पडतात आणि चेरी तिरकी होते. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. आणि वाटीने मोजू नका, वजनकाटा घ्या. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत मैद्याचा जो फरक पडतो, तेवढ्यात कुकी ठिसूळ व्हायची ती दगड होते.

'रूम टेम्परेचर'चं बटर

हे दोन शब्द वाचून गोव्यात जेवढं बटर वाया गेलं असेल तेवढं दुसऱ्या कशाने गेलं नसेल. ज्यांच्या पाककृतीत ते लिहिलेलं असतं, त्यांच्या स्वयंपाकघरात डिसेंबरात १८ ते २० अंश असतात. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा ३२च्या आसपास जातो. शेजारच्या शेगडीवर माशांचं हुमण रटरटत असेल तर ओट्यापाशी त्याहून जास्त. बटर वितळतं ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान. म्हणजे सकाळी बाहेर काढून ठेवलेलं बटर जेवणं आटोपून तुम्ही हातात घेता, तेव्हा त्याचं अर्धं तेल झालेलं असतं.

त्याने बिघडतं काय ते समजून घ्या. साखर आणि बटर फेटतो तेव्हा साखरेचे कण घट्टसर बटरमध्ये हवेचे बारीक बारीक कप्पे करतात. कुकी तोंडात विरघळते ती या कप्प्यांमुळे. वितळलेल्या बटरमध्ये हवा थांबत नाही, कितीही वेळ फेटा. वर ओव्हनमध्ये गेल्याबरोबर ते वाहायला लागतं आणि मैद्याने आकार धरायच्या आतच कुकी पसरते. एकदा वितळलेलं बटर फ्रीजमध्ये पुन्हा थिजवलं तरी ते पहिल्यासारखं होत नाही. ते पोळीला लावा, कुकीजसाठी दुसरं काढा.

माझी खूण बोटाची आहे. बटरवर बोट दाबायचं. खळगा पडून तसाच राहिला आणि बोट कोरडं निघालं तर बटर तयार. बोटाला तेलकट चमक आली की उशीर झाला. थंड बटरचे बोटभर तुकडे करून ठेवले तर आपल्या हवेत दहा-बारा मिनिटांत ते या अवस्थेला येतं. मी फेटायचं काम पहाटे साडेपाचला करते. तेव्हा खिडकीतून गार वारा येत असतो, घरात कोणी उठलेलं नसतं आणि बटर ऐकतं. परातीखाली गार पाण्याचं ताट ठेवते, ती सवय बाराही महिन्यांची.

मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद बटर ठेवण्याची युक्ती मला मुळीच पटत नाही. तुकडा बाहेरून घट्ट दिसतो आणि आत तळं झालेलं असतं. घाईच असेल तर थंड बटर किसणीवर किसून घ्या. एवढा एकच शॉर्टकट मी माझ्या मुलींना करू देते.

तुपाचं विचारणाऱ्यांसाठी : बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे २०० ग्रॅम बटरच्या जागी २०० ग्रॅम तूप घातलं की ट्रेमध्ये तेल सुटणार. १६० ग्रॅम पुरतं. होते ती नानकटाई, आणि ती छानच होते, पण ती वेगळी वस्तू आहे.

ओलं फळ

बाजारात चेरी म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं, आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. दोन्ही या कामाला उत्तम. फक्त दोन्ही पाकात बुडून आलेली असतात हे विसरायचं नाही.

माझ्या तिसऱ्या नाताळात मला तीन किलोंची ऑर्डर आली होती. तोवरची सगळ्यात मोठी. किलोभर बटर, दीड किलो मैदा, दोन दिवसांचं काम. २२ तारखेला रात्री चेरीचा डबा फोडला, चाळणीत ओतला, पाच मिनिटं निथळू दिला आणि अर्ध्या अर्ध्या चेऱ्या कुकीजवर बसवल्या. ओव्हनमधून निघाल्या तेव्हा इतक्या देखण्या दिसत होत्या की मी मुलाला उठवून दाखवल्या. सकाळी डब्याचं झाकण उघडलं तर प्रत्येक चेरीभोवती लाल कडं पसरलेलं. एक चेरी उचलली, ती आपल्याबरोबर कुकीचा मऊ लगदा घेऊन वर आली.

शेजारच्या आंटी दोदोल, म्हणजे नारळाच्या रसातली गुळाची मिठाई, ढवळायला बोलवायला आल्या होत्या. त्यांच्याकडे नाताळचं ताट मांडायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. नेवऱ्या, बेबिंका, बोलिन्हा, कुलकुलं, सगळं घरचं. चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात आणि नाताळला त्यांचं ताट आमच्याकडे येतं. त्यांनी एक कुकी घेतली, उलटी केली, मधोमध अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "ओलें आसा गो बाय," एवढंच त्या म्हणाल्या.

फळाखालची जागा ओली राहिली की ती भाजली जात नाही. पाणी उडून जाईपर्यंत तिथली उष्णता १०० अंशांच्या वर चढतच नाही, म्हणून कडा सोनेरी होतात आणि मध्य कच्चा राहतो. मग डब्यात रात्रभर पाक हळूहळू कुकीत झिरपतो आणि आपल्याबरोबर रंगही नेतो. मी त्या कुकीज पुन्हा भाजून पाहिल्या. चेऱ्या काळ्या पडून दातात अडकण्याइतक्या कडक झाल्या, मध्य मऊ तो मऊच. शेवटी ऑर्डर देणाऱ्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, एक दिवस मागून घेतला आणि सगळं नव्याने केलं.

तेव्हापासून माझ्या घरी फळ आदल्या दिवशी तयार होतं. चाळणीत घालून कोमट पाण्याखाली एकदाच झटकन धुवायचं, म्हणजे वरचा चिकट पाक जातो. जुन्या सुती पंचावर टिपायचं, चेरीची कापलेली बाजू खाली ठेवून. मग ओव्हन सगळ्यात कमी आचेवर दहा मिनिटं तापवून बंद करायचा आणि फळाचा ट्रे रात्रभर आत ठेवायचा. पंख्याखाली वाळवण्यावर माझा विश्वास नाही, आपल्या दमट हवेत साखरेचं फळ उलट पाणी ओढून घेतं. सकाळी चेरी बोटांत धरली तर चिकटायला हवी, पण बोट ओलं व्हायला नको.

फळ बसवायचं कधी, हेही बघा. पीठ गार करून मग चेरी दाबली की कडेला चीर जाते. म्हणून गोळा वळा, चपटा करा, लगेच चेरी अर्धी आत जाईल इतकी दाबा आणि मग अख्खा ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. नुसतं वर टेकवलेलं फळ भाजताना जळतं आणि खाताना गळतं.

बाकीचं थोडक्यात. मैदा घातल्यावर मळू नका, बोटांनी फक्त गोळा करा. चपातीच्या कणकेची सवय इथे घात करते. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा. १६० अंश, मधला खण, १५ ते १८ मिनिटं. १८०वर ठेवून 'लवकर होतील' म्हणणाऱ्यांच्या चेऱ्यांची साखर कुकी भाजायच्या आधी करपते. खालची कड फिकट सोनेरी झाली की काढा. तेव्हा त्या मऊच लागणार, घाबरून परत आत ढकलू नका. पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, मग जाळीवर. गरम ट्रेवर दुसरा घाणा मांडू नका, बटर तिथेच सुटायला लागतं.

आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. मी तासभर थांबते. प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालते, नाहीतर वरच्या कुकीच्या पाठीला खालच्या चेरीचा डाग पडतो. दमट हवेने पुढे कधी मऊ पडल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवा, चेरीवर फॉइलचा तुकडा टाकून, आणि जाळीवर गार होऊ द्या.