इंदूरच्या मुलांना अभंग शिकवताना

इंदूरमध्ये रविवारचा मराठी वर्ग नव्याने घेणाऱ्या ताई-दादांनी एक धरून चालावं: मुलं कोरी येत नाहीत, शाळेतलं हिंदी व्याकरण सोबत घेऊन येतात. तिथे दोहा मात्रांनी मोजतात (ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन), ओळीत १३ आणि ११. अभंग अक्षरांनी मोजायचा. 'राजवाडा' म्हटलं की मूल सवयीने सात मात्रा सांगतं. आपल्याला हवीत चार अक्षरं.

मोठ्या अभंगाचे चरण चार, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. फळ्यावर लिहा:

राजवाड्यापाशी । पोह्यांचा सुवास ।
जिभेला उल्हास । सकाळीच ॥

प्रत्येक अक्षराखाली टिंब द्यायला लावा. घोळ दोन ठिकाणी होतो. 'ह्यां'ची दोन अक्षरं धरली की चरण सातावर जातो, जोडाक्षर एकच. उलट, कानाने मोजणाऱ्याला 'सुवास'मध्ये दोनच सापडतात, कारण बोलताना शेवटच्या 'स'मधला 'अ' आपण खाऊन टाकतो. टाळी देत 'सु-वा-स' लांबवून म्हटलं की तो बाहेर येतो.

लहान अभंग सोपा: दोन चरण, ८-८, शेवटी यमक. ओवी मात्र त्याच दिवशी नको. तिचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड, आणि अक्षरसंख्या पक्की नाही. नुकतं मोजायला शिकलेलं मूल तिथे हमखास वैतागतं.

'यमक' शब्दालाही जपा. हिंदीच्या तासाला यमक म्हणजे तोच शब्द दोन अर्थांनी, जसा 'कनक': सोनं आणि धोत्रा. मराठी वर्गात आपण 'सुवास–उल्हास'ला यमक म्हणतो. मुलांच्या लेखी ती 'तुक'. हे पहिल्याच तासाला सांगा, नाहीतर शाळेच्या पेपरात गुण जातील आणि बोल आपल्याला लागेल.

अलंकारांना एकच वस्तू पुरते. 'चंद्र भाकरीसारखा गोल' ही उपमा. 'चंद्र म्हणजे जणू भाकरीच' ही उत्प्रेक्षा. 'आभाळाच्या तव्यावर चंद्राची भाकरी' हे रूपक. इथे 'सारखा' नाही, 'जणू'ही नाही, दोन्ही वस्तू एकच मानल्या. मुलं मात्र शब्द हुडकून उत्तर ठोकतात. म्हणून मुद्दाम विचारा: 'दादा बाबांसारखा उंच आहे', यात अलंकार कोणता? अर्धा वर्ग 'उपमा' ओरडेल. नाही, दोन माणसांची उंची नुसती ताडून पाहिली आहे. तोच दादा 'ताडासारखा उंच' झाला की उपमा.