दोन ठिपक्यांच्या मधे ट्रॅक्टर कुठे होता?

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचा जीपीएस तपासताना नकाशावरच्या सलग रेघेवर विसंबू नका. यंत्राने नोंदवलेले असतात ते फक्त ठिपके, रेघ सॉफ्टवेअर ओढतं. वाद मात्र नेमका ठिपके नसलेल्या दहा-बारा मिनिटांचा असतो: फडातून निघालेली खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर येण्याआधी मधेच कुठे वळली का?

आधी वेळ बघा. यंत्राची वेळ घ्या, सर्व्हरवर नोंद पोचल्याची नको, कारण रेंज आली की साठलेले ठिपके एकदम येतात. वेळ युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर 5 तास 30 मिनिटं मिळवा.

आता हिशेब. डबल ट्रॉलीच्या भरल्या ट्रॅक्टरचा कमाल वेग ताशी 25 किमी धरू. 12 मिनिटांत तो फार तर 5 किमी जाईल. दोन ठिपके सरळ रेषेत 4 किमीवर आहेत. संशयाच्या जागेचं दोन्ही ठिपक्यांपासूनचं अंतर मोजून बेरीज करा. ती 5 किमीच्या आत असेल तर तिथे जाणं शक्य, जास्त असेल तर अशक्य. अशा सगळ्या शक्य जागांचं लंबवर्तुळ होतं आणि मध्यावर ते रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड किमी पसरतं. रेघेवर विसंबणं किती धोक्याचं, ते इथे कळतं.

मधे 3 मिनिटं थांबल्याचा आरोप असेल तर ती वजा करा. उरलेल्या 9 मिनिटांत 3.75 किमीच होतात, ठिपक्यांमधल्या 4 किमीपेक्षा कमी, म्हणजे आरोप टिकत नाही. पण वेग 27 धरला तर 4.05 किमी होतात आणि रेघेला लागून कुठेतरी थांबणं शक्य ठरतं. म्हणून निकालाशेजारी धरलेला वेग लिहाच, आणि तो थोडा सैल धरा. कमी धरलात तर खरोखर घडलेलं ‘अशक्य’ ठरेल. मोकळ्या आभाळाखाली जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक या हिशेबात किरकोळ आहे.

नदी आडवी आली की अंतर रस्त्याने मोजा. सांगलीच्या घाटावरून सांगलीवाडी समोर दिसते, पण ट्रॅक्टरला पुलावरूनच जावं लागतं. याचा फायदाही होतो: ठिपके दोन काठांवर असतील आणि दिलेल्या वेळेत एकच पूल गाठता येत असेल, तर ट्रॅक्टर त्याच पुलावरून गेला हे नक्की.

दोन गाड्या भेटल्या का, हे ठरवायला लंबवर्तुळं एकमेकांवर येणं पुरेसं नाही. एकाच मिनिटाला दोघी तिथे पोचू शकत होत्या का, ते मिनिटागणिक तपासा.

यार्डात रांगेत उभ्या गाडीचे ठिपकेही इकडेतिकडे सरकतात आणि खोटे किलोमीटर साचतात. गाडी उभी असल्याचं इग्निशनच्या नोंदीवरून पडताळा आणि ते ठिपके अंतरातून वगळा.